भाऊ सोमवारी येतील

शिरपूरच्या ज्युनियर कॉलेजात धनसिंग जी. एस. म्हणून निवडून आला, तेव्हा सगळ्यात जास्त नाचला तो भटू. आणि गंमत बघा, भटूचं त्या कॉलेजात नावसुद्धा नव्हतं. दहावीला गणितात गटांगळी खाल्ली आणि गडी सरळ वावरात गेला होता. पण निकालाची बातमी कळली तशी पठ्ठ्यानं बैलगाडी जुंपली, बैलांच्या शिंगांना फुगे बांधले आणि निंबखेड्याच्या फाट्यावर येऊन उभा राहिला. एस.टी.तून उतरलेल्या धनसिंगाला त्यानं उचलूनच गाडीत टाकलं. गुलाल असा उधळला की पांढरा बैल कुठला आणि तांबडा कुठला ते कळेना. ती आनंदाची गोष्ट तिथंच संपली असती तर किती बरं झालं असतं. पण गावानं ती तिथं संपू दिली नाही.

सत्त्याऐंशी सालची ही गोष्ट. धनसिंग तेव्हा बारावी आर्ट्सला. त्या कॉलेजात दरवर्षी जी. एस. व्हायचा तो शिरपूरच्या बाजारपेठेतला, कोणा ना कोणा दुकानदाराचा मुलगा. त्या वर्षीही कापडवाल्या अमृतलाल शेठचा निर्मलकुमार बिनविरोध येणार असंच सगळे धरून चालले होते. पण एस.टी.नं येणाऱ्या खेड्यांवरच्या पोरांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. "दरवर्षी यांनी हार घालून घ्यायचे आणि आपण टाळ्या वाजवायच्या? यंदा आपला एक उभा करू," म्हणाले. आपला म्हणजे कोण, तर ज्याचा आवाज मोठा तो. भरल्या गाडीत कंडक्टर बेल मारायला लागला की मागून "थांबा ओ, पोरी चढायच्यात अजून!" असं ओरडणारा एकच होता. मग काय, खेड्यांवरच्या पोरापोरींनी धडाधड मतं टाकली आणि निर्मलकुमार पडला. त्या पोरानं स्वतः येऊन धनसिंगाला हार घातला. मनाचा मोठेपणा होता, उगाच खोटं कशाला बोला.

आता, जी. एस. म्हणजे नक्की काय असतं, हे ज्यानं कॉलेज पाहिलंय त्याला सांगायची गरज नाही. स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या आणायच्या, सतरंज्या घालायच्या, पाहुण्यांच्या गाडीचं दार उघडायचं आणि शेवटी माइकपुढे उभं राहून सगळ्यांचे आभार मानायचे. झालं, संपली सत्ता. पण निंबखेड्यात कॉलेज पाहिलेलं होतं कोणी? गावाला एवढंच ठाऊक होतं की भाषणाला येणारा जो तो पुढारी "मी कॉलेजात जी. एस. होतो तेव्हा" असं म्हणूनच सुरुवात करतो. त्यावरून गावानं उलटा हिशेब लावला. पुढारी आधी जी. एस. असतो, म्हणजे जी. एस. झाला तो पुढारी झालाच. कालपर्यंतचा धन्या एका दिवसात भाऊ झाला. चांगले पिकल्या मिशांचे म्हातारे त्याला "अहो भाऊ" म्हणायला लागले.

धनसिंगला आधी हसू यायचं. मग लाज वाटायची. आणि मग, खरं सांगायचं तर, गोड वाटायला लागलं.

स्वतःचं त्याला तितकंसं नव्हतं, पण बापाचं होतं. बाप म्हणजे पुना आबा. जन्मभर खाली मान घालून राहिलेला माणूस. पंचायतीसमोरच्या ओट्यावर चार लोक बसलेले असले तर हा पायरीवर बसायचा, तेही कोपऱ्यात. पोरगा निवडून आल्यावर लोकांनी त्याला हाताला धरून वर बसवलं. "आबा, वर या, तुम्ही खाली कसे?" त्या दिवशी पुना आबा घरी आला आणि नुसता टोपी हातात घेऊन बसला. धनसिंगची माय, बेबाबाई, म्हणाली, "काय व्हयनं?" तर म्हणे, "काही नही. आज माले वर बसाडं." धनसिंगनं ते ऐकलं. त्यानंतर जी. एस. म्हणजे काही नसतं हे गावात सांगायची त्याची हिंमतच झाली नाही.

त्यात ती एस.टी. नडली. संध्याकाळची शिरपूरची गाडी फाट्यावर थांबत नसे. धनसिंगनं एकदा स्टँडवर जाऊन कंट्रोलरला विचारलं, तर कंट्रोलरनं वरसुद्धा न बघता "पाहू" म्हटलं. पुढच्या पंधरवड्यात वेळापत्रक बदललं आणि गाडी थांबायला लागली. वेळापत्रक साऱ्या जिल्ह्याचं बदललं होतं हो! पण गावात कोणाला पटेल तर शपथ. भाऊंनी शब्द टाकला आणि गाडी थांबली, विषय संपला. त्यानंतर लोकांची रीघच लागली. कोणाची वीज गेलेली, कोणाचा तहसिलातला दाखला अडलेला, कोणाच्या जावयाला नोकरी हवी. धनसिंग "बघतो" म्हणायचा. निम्मी कामं आपोआप व्हायची, ती भाऊंनी केली. निम्मी व्हायची नाहीत, ती भाऊ करणार होते.

सगळ्या गावात खरं माहीत होतं ते एकट्या भटूला. भटूपासून काही लपवावं असं धनसिंगला कधी जमलंच नव्हतं. दोघं एकाच आळीतले, एकाच वर्षी जन्मलेले. भटूच्या मायनं, यशोदाबाईनं, दोघांना एका ताटात जेवू घातलेलं. दिवाळीनंतर एकदा कापसाच्या वावरात बांधावर बसून धनसिंगनं सगळं ओकून टाकलं.

"भटू, मी तिथे सतरंज्या उचलतो रे. मला कोण विचारत नाही. प्राचार्यांच्या खोलीत जायचं तर मलासुद्धा शिपायाला विचारावं लागतं."

भटू इतका हसला, इतका हसला, की वेचलेल्या कापसात आडवा झाला. "आणि आठे आमनं गाव तुना पाया पडस!"

"हसू नको. उद्या कळलं तर आबाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

तेव्हा भटू उठून बसला. केसांतला कापूस झटकत म्हणाला, "कसं कळी? तू सांगाव नही, मी सांगाव नही. पुना आबा वर बसस ना ओट्यावर? मंग बसू दे ना." आणि लगेच हात जोडून, मान वाकडी करून, "भाऊसाहेब, मना बैलले शेपूट नही, सरकारकडथीन मंजूर करी द्या," असं म्हणत पुन्हा खो-खो हसत सुटला.

असा तो भटू.

डिसेंबर उजाडला. कॉलेजात गॅदरिंगची धामधूम सुरू झाली. नाटकाच्या तालमी, रांगोळ्या, फिशपॉन्डच्या चिठ्ठ्या, कोणाच्या घरचा कोट आण, कोणाच्या घरची पेटी आण, नुसती धावपळ. मराठीच्या वाणी सरांनी धनसिंगला बोलावून सांगितलं, "शनिवारी आभार तू मानायचेस. दरवर्षी शहरातला मुलगा मानतो. तू खेड्यातला आहेस म्हणून एक शब्दही चुकता कामा नये, कळलं? लोक त्याच चुकीची वाट बघत असतात." सर मनापासून बोलले होते. धनसिंगनं ते भाषण असं घोकलं की आंघोळ करतानाही तोंडात तेच. "सन्माननीय व्यासपीठ" म्हणताना त्याच्या अंगावर काटा यायचा. निंबखेड्याच्या आजवरच्या कोणत्या माणसानं ते शब्द माइकवर म्हटले होते?

गुरुवारी संध्याकाळी तो गावात आला, तर पंचायतीच्या ओट्यापुढे भटूचा बाप जीवराम नाना उभा. भोवती नेहमीची मंडळी, आणि ओट्यावर, वर, पुना आबा.

"भाऊ," जीवराम नाना म्हणाला. या माणसानं धनसिंगला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती, आणि आता अहो-जाहो करत होता. "भटूनं पोट काल्हपशी दुखी ऱ्हायनं. वकाऱ्या चालू शेत. शिरपूरना डॉक्टर म्हणस, धुळे लई जा, मोठा दवाखानामा. पण तठे वळख लागस. वळखबिगर कोण हात लावस? तुम्ही संगे चला. तुम्हना एक शब्द बस शे."

धनसिंगच्या तोंडात वाक्य तयार होतं. अगदी जिभेच्या टोकावर. नाना, तिथं ओळख लागत नाही. माझी कोणाशी ओळखही नाही. मी कोणी नाही. आत्ताच्या आत्ता त्याला घेऊन जा. एवढं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि ओट्यावर बाप बसला होता, मान ताठ करून, आयुष्यात पहिल्यांदा.

"फार दुखतंय का?" त्यानं विचारलं.

"सहन करी ऱ्हायना तो. तुम्हले माहीत शे ना भटू."

"शनिवारी गॅदरिंग आहे, नाना. सगळं माझ्या अंगावर आहे. सोमवारी... सोमवारी मी येतो. नक्की येतो."

"मंग सोमवारी जासुत," जीवराम नाना समाधानानं म्हणाला, आणि मंडळींनी माना डोलावल्या. भाऊ सोमवारी येतील म्हणजे काम झालंच की. पुना आबानंही वरून मान डोलावली.

धनसिंग तिथून भटूच्या घरी गेला. भटू खाटेवर गुडघे पोटाशी घेऊन पडला होता. कपाळावर घाम, पण धनसिंगला बघून तोंडभर हसला. "भाषण पाठ व्हयनं का, भाऊसाहेब?"

"भटू, तू नानाला सांग ना. उद्याच जा म्हणावं. ओळखबिळख काही लागत नसेल तिथं."

"तू का बरं नही सांगत?"

भटूनं त्याच्याकडे बघितलं, मग भिंतीकडे तोंड केलं. "जाय, जाय. दोन दिवसनं काय एवढं. पोट शे, दुखस. सोमवारी जासुत."

बास. एवढंच झालं त्या दिवशी. वाईट कोणीच नव्हतं हो त्यात. बापाला पोराचा जीव प्यारा होता, म्हणून तर तो ओळख शोधत होता. मित्राला मित्र प्यारा होता. तरीपण असं झालं.

शनिवारी गॅदरिंग दणक्यात झालं. नाटकात राजाची मिशी पडली, फिशपॉन्डमध्ये वाणी सरांनाही पोरांनी सोडलं नाही, आणि शेवटी धनसिंग उभा राहिला. एक शब्द चुकला नाही. पाहुण्यांनी खाली वाकून प्राचार्यांना विचारलं, "कुठला मुलगा हा?" वाणी सरांनी पाठीवर थाप मारली. निर्मलकुमार म्हणाला, "यार, मला नसतं जमलं." धनसिंगला तेव्हा भटूची आठवण झाली. ह्याला सांगायला पाहिजे, भटू पोट धरून हसेल, असंच त्याच्या मनात आलं, आणि पोट शब्दापाशी तो अडखळला. पण खुर्च्या परत करायच्या होत्या, मंडप सोडायचा होता. रविवारी दुपारपर्यंत त्याला निघता आलं नाही.

इकडे शनिवारी भटूचं दुखणं एकाएकी थांबलं होतं. सकाळपर्यंत तळमळत होता आणि दुपारी म्हणाला, "माय, आते बरं वाटस." यशोदाबाईनं देवापुढे नारळ ठेवला. त्याला दोन घास खिचडी भरवली. शेजारणी येऊन बघून गेल्या, उतार पडला म्हणाल्या. आतलं आतडं फुटलं होतं, म्हणून दुखायचं थांबलं होतं. हे कोणाला ठाऊक? ज्याला ठाऊक होतं तो डॉक्टर धुळ्यात बसला होता.

रविवारी दुपारी धनसिंग हातात हार घेऊन आला. पाहुण्यांना घातलेला हार होता, पाहुणे टेबलावरच ठेवून गेले होते. म्हटलं भटूच्या गळ्यात घालावा, भाऊसाहेबांच्या हस्ते. दारातच यशोदाबाई भेटली. तिचा चेहरा बघूनच तो हार तिथंच टाकून आत धावला.

भटूचं पोट फुगून दगड झालं होतं. हातपाय गार, ओठ पांढरे, आणि डोळे खोल गेलेले. हात लावताच धनसिंग ओरडला, "जीप बघा! कोणाची तरी जीप बघा!" असा ओरडला की आळी गोळा झाली. एस.टी.त पोरींसाठी ओरडणारा तोच आवाज. कोणीतरी म्हणालं, "पण सोमवारी ना भाऊ?" त्याच्या अंगावर धनसिंग असा धावून गेला की तो माणूस भिंतीला टेकला.

गावातल्या मोतीलालची जीप मिळाली. मागच्या बाकावर यशोदाबाईच्या मांडीवर भटूचं डोकं, खाली पायाशी धनसिंग, पुढे जीवराम नाना. सावळद्याजवळ तापीचा पूल लागला तेव्हा भटूनं डोळे उघडले. पाण्याकडे बघायचा प्रयत्न केला. उन्हाळ्यात दोघं इथंच पोहायला यायचे, घरी न सांगता. मग त्यानं धनसिंगला हातानं जवळ बोलावलं. धनसिंगनं कान त्याच्या तोंडाशी नेला.

"मी सांगं नही," भटू म्हणाला. "नाना रोज म्हणे, धनसिंगभाऊ येई, मंग जासुत. माले माहीत व्हतं. पण मी कोणलेच सांगं नही."

धनसिंगला वाटलं, ह्यानं आपल्याला शिव्या घालाव्यात. थोबाडीत मारावी. पण भटूच्या चेहऱ्यावर राग नव्हताच, उलट मोठं काम पार पाडल्यासारखं काहीतरी होतं. मित्राची झाकली मूठ त्यानं झाकून ठेवली होती, पोटात आग पेटली तरी. धनसिंगनं त्याचे दोन्ही पाय छातीशी धरले. ते पाय गार होते, कितीही चोळले तरी गारच. सोनगीर येईपर्यंत तो ते चोळत राहिला.

आणि धुळ्याच्या त्या मोठ्या दवाखान्यात काय झालं म्हणता? काहीच झालं नाही. जीप दारात थांबली तसा एक वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आला. एक तरुण डॉक्टर आला, त्यानं पोटावर दोन बोटं टेकवली, आणि नर्सला ओरडून काहीतरी सांगितलं. तुम्ही कुठले, कोणाचे, कोणाच्या ओळखीनं आलात, काही नाही. कोणी विचारलंच नाही हो. एवढ्या दिवसांत जो आला असता त्याला असंच आत घेतलं असतं.

"किती दिवसांपासून दुखतंय?" डॉक्टरनं विचारलं.

"बुधवारपशी," यशोदाबाई म्हणाली.

"बुधवार? मग इतके दिवस काय करत होता तुम्ही? कशाची वाट बघत होता?"

जीवराम नानानं धनसिंगच्या दंडाला हात लावला आणि हळूच म्हटलं, "सांगा ना भाऊ तेस्ले, तुम्ही कोण शेत ते."

धनसिंगनं तोंड उघडलं. "मी याचा मित्र," तो म्हणाला.

"बरं, बाजूला व्हा," डॉक्टर म्हणाला, आणि स्ट्रेचर आत गेलं.

डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, हेही सांगायलाच हवं. पोट उघडलं, धुतलं, रक्त दिलं. धनसिंगनंही दिलं. पण विष साऱ्या अंगात गेलं होतं. मंगळवारी सकाळी, लोक चहा घेऊन येत होते त्या वेळेला, भटू गेला. यशोदाबाईनं हंबरडा फोडला नाही. ती फक्त म्हणाली, "खिचडी खादी व्हती रे त्यानी," आणि तेच म्हणत राहिली.

धनसिंग पुढचे दिवस कॉलेजात गेला नाही. रोज सकाळी जीवराम नानाच्या दारावर जाऊन बसायचा. आपल्याकडे माणूस गेलं की दारावर बसायला जातात, तसे आजूबाजूच्या गावांचे लोक येत, दोन शब्द बोलत आणि उठून जात. धनसिंग मात्र उठत नसे. येणाऱ्याला जीवराम नाना त्याच्याकडे बोट दाखवून सांगायचा, "हाई पुना आबाना धनसिंग. यानीच जीप करी, यानाच शब्दवर दवाखानामा लगेच घिधं. नहीतर कोण विचारस आम्हले? दारमाच मरता पोऱ्या." लोक धनसिंगकडे आदरानं बघायचे. धनसिंगला वाटायचं जमीन दुभंगावी.

दोनदा तो बोलायचं ठरवून आला आणि दोनदा तसाच परत गेला. घरी बापाला सांगून बघितलं. पुना आबानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "माले वर बसाडं म्हणून?" बाप उठला, बाहेर गेला. त्या दिवसापासून पुना आबा पंचायतीच्या ओट्यावर चढला नाही, कोणी कितीही हात धरला तरी. पायरीवरही बसला नाही. तो रस्ताच त्यानं सोडला.

गंधमुक्तीचा दिवस आला. दुखवटा त्या दिवशी सुटतो. कपाळी गंध लागतं, व्याही-पाहुणे टोपी-टॉवेल देतात, आणि घरातला माणूस पुन्हा चार लोकांत जायला मोकळा होतो. अंगणात पंगत बसायची होती. जीवराम नानाला त्याच्या मेव्हण्यानं टोपी घातली. आणि मग जीवराम नाना उठला, सुतकातल्या वाढलेल्या दाढीचा, एकाएकी म्हातारा झालेला, आणि हातात नवी टोपी आणि टॉवेल घेऊन धनसिंगसमोर येऊन उभा राहिला.

"नाना, नको," धनसिंग मागे सरला. "मला नको."

"तुम्हना मान शे, भाऊ."

"नाना, ऐका." त्याचा आवाज फुटला. पण सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असाच फुटला. "माझी तिथं कोणाशी ओळख नव्हती. ओळख लागतच नव्हती. जी. एस. म्हणजे काही नसतं, मी सतरंज्या उचलतो तिथं. एस.टी.सुद्धा मी थांबवली नाही. गुरुवारी मी एवढं बोललो असतो ना, तर तुम्ही शुक्रवारीच गेला असता. भटू असता. मी गप्प बसलो. भटूला माहीत होतं सगळं. माझी लाज जाईल म्हणून तो बोलला नाही, तसाच मेला तो. माझ्यापायी मेला, नाना!"

यशोदाबाई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पुना आबा पार मागे, कुडाशी, खाली मान घालून.

जीवराम नानाचे डोळे भरून आले. त्यानं पुढे होऊन धनसिंगच्या डोक्यावर टोपी ठेवली, दोन्ही हातांनी नीट बसवली, खांद्यावर टॉवेल टाकला.

"देखा," तो लोकांकडे वळून म्हणाला, "एवढा मोठा माणूस, पण कसा बोलस! स्वतःवर घेस बठ्ठं. म्हणून तर भटूना जीव व्हता यानावर."

आणि बायका डोळे पुसायला लागल्या. म्हातारे म्हणाले, मोठेपणा शे, मोठेपणा. धनसिंग तसाच उभा राहिला. त्यानं यशोदाबाईकडे बघितलं. तिला कळलं होतं. साऱ्या अंगणात तिला एकटीला कळलं होतं. तिनं त्याच्याकडे एकदा बघितलं, मग तोंड फिरवलं आणि आत निघून गेली. ज्या घरात त्यानं लहानपणी भटूच्या ताटात घास खाल्ले त्या घरात, त्यानंतर, त्याला कधी कोणी "जेवून जा" म्हटलं नाही.

पंगत उठत होती तेव्हा तानुबाई म्हणून एक म्हातारी काठी टेकत त्याच्यापाशी आली. पायाला चिंधी बांधलेली होती आणि चिंधीतून वास येत होता.

"भाऊ, मना पायनं हाई बरं व्हत नही. धुळे दाखाडनं शे म्हणतस. तुले सवड व्हई तधळ चाल ना रे संगे. घाई नही. सोमवारी जासुत."

धनसिंग खाली बसला आणि त्यानं चिंधी सोडली. मग पुन्हा बांधली.

"आजी, ओळख लागत नाही तिथं. कोणाचीच लागत नाही. माझीही नाही."

"हां, हां," म्हातारी म्हणाली. तिनं यातलं काही ऐकलं नव्हतं. "मंग सोमवारी?"

"आत्ता," तो म्हणाला. "आत्ताच चल."

फाट्यावर गाडी यायला थोडा वेळ होता. त्यानं तानुबाईला पाठुंगळी घेतलं. डोक्यावरची टोपी काढायला त्याचा एकही हात मोकळा नव्हता. मागून कोणीतरी कौतुकानं म्हणालं, बघा, भाऊ निघाले. तो चालत राहिला. फाट्यावर, जिथे भटू बैलगाडी घेऊन उभा होता त्या जागी, त्यानं म्हातारीला दगडावर बसवलं आणि दोघं एस.टी.ची वाट बघत थांबले.